किंकाळीवालीचं दार

दिवे गेले म्हणून ऑटोकाकाने लायलला शेडमधून रॉकेल आणायला पिटाळलं. १० फेब्रुवारी १९६१, शिकागो, अंगणात गुडघाभर बर्फ. लायल रॉकेल घेऊन परतला.

"काका, शेडच्या भिंतीला ते दार कसलं ठोकलंयस? मागे तर नुसत्या विटा."

"एमिलचं ते. माझा दोस्त. रेडिओच्या नाटकांत आवाज काढायचा. पावलं, घोडे, दारं." काकाने कंदिलाची वात खाली केली. धाकटी बहीण जून लायलला बिलगली. "बड्या नटीचा घसा बसू नये म्हणून किंकाळ्या फोडायला वेगळी बाई असायची. व्हर्ना. एकच नाटक आम्ही रात्री दोनदा करायचो. सातला पूर्वेकडच्यांसाठी, दहाला पश्चिमेकडच्यांसाठी, त्यांचं घड्याळ मागे. सतरा वर्षांपूर्वी, आजचीच रात्र. सातचा खेळ संपला आणि व्हर्नाने छाती धरली. म्हणाली, 'एमिल, साहेबाला विचार ना, दहाला माझ्या किंकाळीची तबकडी लावू दे. मी दवाखान्यात जाते.'"

"मग?"

"रेडिओवर तबकडीला बंदी होती, सगळं थेट करायचं. एमिल आत जाऊन आला. म्हणाला, 'विचारलं. नाही म्हणतोय.'"

"खरंच विचारलं?"

काका पाईप चाचपू लागला. अडचणीचा प्रश्न आला की या म्हाताऱ्यांना पाईप सापडत नाही.

"...नाही. नोकरी गेली असती."

"थू!"

"दहा वाजले. तिची जागा रिकामी. लाल दिवा लागला. साहेबाने इशाऱ्याचं बोट रोखलं... आणि किंकाळी आली. त्या दारामागून. आवाज काढायचं ते दार स्टुडिओच्या मधोमध, चाकांवर उभं. मागे कोणी नाही. मग टकटक. हळू. 'एमिल... जाऊ दे ना.' एमिलने कडी धरली..."

"उघडलं?"

"नाही. व्हर्ना जिन्यात सापडली. थंडगार. डॉक्टर म्हणाला, नऊलाच गेली."

"एमिल-बिमिल कोणी नव्हता," लायल म्हणाला. "आम्ही खेळ करायचो, असं आत्ताच बोललास. तूच होतास, काका."

काका पुन्हा पाईप चाचपू लागला. माफी मागायची तरी कुणाची?

लायल कंदील उचलून तडक शेडमध्ये गेला. दहाला दोन मिनिटं होती. दाराला तोंडाच्या उंचीवर लहानशी काच. काचेवर श्वासाचा गोल धुरकट डाग. त्याने बाहीने पुसला.

गेला नाही.

पुन्हा पुसला... जोरात.

डाग काचेच्या पलीकडच्या बाजूने होता. दार आणि विटांमध्ये बोटभरही जागा नव्हती.

डाग विरला. पुन्हा उमटला.