लांबचा नंबर

“डॉक्टर, आज जरा हलक्या हातानं हं!” असं म्हणत तो थेट तिच्यापुढेच येऊन उभा राहिला.

ती डॉक्टर नव्हती. ती बेकरीत केकवर क्रीमची फुलं काढायची, आणि त्या घटकेला तिच्या तोंडावर बधिर करणारं पांढरं मलम थापून वर पातळ प्लास्टिक चिकटवलेलं होतं. त्वचेच्या दवाखान्याची ही आतली खोली. इथे मलम मुरेपर्यंत बसायचं आणि मग बारीक सुयांनी गालावरचे मुरुमांचे खड्डे टोचून घ्यायचे.

“मी डॉक्टर नाही,” ओठ शक्य तितके कमी हलवत ती म्हणाली. “मीही तुमच्यासारखंच भूत आहे.”

“अरेच्चा!” त्याच्याही तोंडाला तोच लेप होता. “माफ करा हं. चष्मा काढावा लागला ना... लांबचा नंबर आहे, चांगला जाडजूड. मला तुम्ही म्हणजे नुसता एक पांढरा ढग दिसताय.”

ढग! ती इतकी हसली की गालावरचं प्लास्टिक सुटलं आणि नर्सची बोलणी खावी लागली.

पण खरं सांगायचं तर तिला केवढं हायसं वाटलं होतं! सोळाव्या वर्षी मुरुमं आली, तिनं ती फोडली, आणि मुरुमं गेली तरी खड्डे राहिले. “नाकीडोळी नीटस आहे हो पोरगी, पण...” असं म्हणून मावशी जी थांबायची, तो ‘पण’ हिच्या जिव्हारी लागायचा. पहाटे बेकरीत जायच्या आधी ती चेहऱ्यावर मेकअपचे थर चढवायची, केस डाव्या गालावर ओढून घ्यायची आणि माणसांशी बोलताना तिरकी उभी राहायची. आज प्रथमच ती कुणाशी तरी सरळ तोंड करून बोलली होती. समोरच्याला काही दिसतच नव्हतं ना!

पुढच्या महिन्यात तो पुन्हा भेटला. चाचपडत आला तो नेमका तिच्या शेजारच्या खुर्चीत बसला. नर्स अजून मलम घेऊन यायची होती.

“करता काय तुम्ही?” तिनं विचारलं.

“जनावरांचा डॉक्टर. मांजरं तोंड बघून ओरबाडत नाहीत, सगळ्यांना सारखंच ओरबाडतात. फार न्यायी जात आहे.”

“मग हे खड्डे बुजवता कुणासाठी?”

“मांजरांच्या मालकिणी बघतात ना!”

“अस्सं! बऱ्याच मालकिणी आहेत वाटतं?”

“आहेत की. बहुतेक सत्तरीच्या पुढच्या.”

त्या दिवशी सुया टोचताना ती गालातल्या गालात हसत होती. डॉक्टरीणबाईंनी हात थांबवून विचारलं, “बधिर झालंय की गुदगुल्या होतायत?”

महिने गेले. खड्डे साफ पुसले जाणार नाहीत, उथळ होतील, असं डॉक्टरीणबाईंनी आधीच बजावलं होतं. आणि खरंच ते उथळ होत होते. ती उन्हापासून नेमानं गाल जपायची, त्यामुळे तपकिरी डागही फिके पडले होते. आई तिला खिडकीशी उभी करून हनुवटी वळवायची, “बघ, बघ, भरतायत!” पण ही आरशात बघायची ते पुढची तारीख आठवून. त्यात एकदा नर्स सहज बोलून गेली, “ते जनावरांचे डॉक्टर तुमची वेळ विचारून मगच स्वतःची ठरवतात बरं का!” हिनं पुढची वेळ नर्सला दोनदा मोठ्यानं सांगितली.

आणि मग एके दिवशी, स्वतःच्या सुया आटोपल्यावरही तिच्या शेजारी येऊन बसत, त्यानं विचारलंच. “बाहेर... कुठेतरी कॉफी प्यायची?”

“तिथे तुम्ही चष्मा घालणार?”

“घालावा लागेल. नाहीतर वेटरशीच गप्पा मारत बसेन.”

“मग नको.” तोंडातून निघून गेलं. मग तिनं सगळंच बोलून टाकलं. “तुम्हाला मी दिसत नाही म्हणून तर... मी इतकी बोलते.”

तो हळूच म्हणाला, “तुमचा एक गैरसमज झालाय. लांबचा नंबर म्हणजे लांबचं दिसत नाही. जवळचं दिसतं... अगदी स्वच्छ.”

त्यांच्या खुर्च्यांमध्ये वीतभर अंतर होतं. आणि मलम लागायच्या आधी, धुतलेल्या उघड्या चेहऱ्यानं, ती दर वेळी इथेच बसायची!

“म्हणजे इतके दिवस तुम्ही... आणि बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही बोलणंच थांबवलं असतं.”

“बनवलंत मला!” ती ताडकन उठली. तेवढ्यात नर्सनं तिला आत बोलावलंच.

सुया फिरू लागल्या. “दुखतंय?” डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

“नाही. राग आलाय.”

पण तो राग काही टिकेना. सारखं एकच मनात येत होतं. त्यानं पाहिलं होतं. सगळं, स्वच्छ, वीतभरावरून. आणि तरी तो दर महिन्याला तिची वेळ विचारत होता! ती इतकी निश्चल पडून राहिली की डॉक्टरीणबाई म्हणाल्या, “अगं, श्वास घे!”

ती बाहेर आली तेव्हा दुपार टळटळीत होती. दवाखान्याच्या पायरीवर तो भली मोठी काळी छत्री उघडून उभा होता. चेहरा टोमॅटोसारखा, नाकावर चष्मा.

“चुकलो,” तो लगेच म्हणाला. “आधीच सांगायला हवं होतं. भीती वाटली... तुम्ही उठून लांब जाऊन बसाल. लांब गेलात की दिसत नाही ना.”

तिचा गालही तसाच लालबुंद होता. आज मेकअप लावायची बंदी होती. तरी ती तिरकी झाली नाही. छत्रीत शिरली.

“एक विचारू?” तो म्हणाला. “तुम्ही मला कधी नीट पाहिलंय?”

ती चपापली. खरंच की! स्वतःचा गाल लपवण्याच्या नादात तिनं त्याच्या तोंडाकडे कधी धड बघितलंच नव्हतं. तिनं मान वर केली. कपाळावरचे व्रण, जिवणीजवळचा एक खोल खड्डा, जाड काचांमागचे घाबरलेले, आतुर डोळे... तो चुळबुळला, मान वळवू लागला.

“हलू नकोस ना,” ती म्हणाली. ‘तू’ कधी येऊन गेला, तिचं तिलाच कळलं नाही. “बघू दे.”

“आणि... काय ठरलं?”

“आवडतोस मला. चेहऱ्यासकट.”

त्याच्या कानांना काही सुया टोचल्या नव्हत्या. तेही लाल झाले.