आंबाकोतरची गणतरी

या पेजवर खरं म्हणून काय काय लिहिलं जातं ते मी वाचत असते. अर्ध्याहून जास्त बनावट असतं, आणि ते पहिल्या चार ओळींतच कळतं. मी बडोद्यात अकरावी-बारावीला फिजिक्स शिकवते. भुताखेतांच्या गप्पा निघाल्या की मी चहा टाकायच्या निमित्ताने उठायचे.

आता उठत नाही.

तारीख १९ ऑगस्ट २०२३, शनिवार. जागा डांगच्या बाजूच्या जंगलातली. नॅशनल पार्कचं नाव मी लिहिणार नाही, आणि आंबाकोतर हे नावही बदललेलं आहे, उगाच हौशी लोक तिकडे जातील. हे सगळं भर दिवसा घडलं. रात्रीची आणि अमावास्येची वाट बघणाऱ्यांनी इथेच थांबलं तरी चालेल.

आमचा फोर-बाय-फोरवाल्यांचा छोटा ग्रुप आहे. पावसाळ्यात वन खात्याची परवानगी काढायची आणि साधी गाडी जात नाही तिथले धबधबे गाठायचे. आंबाकोतरचा धबधबा वर्षातून दोन महिनेच वाहतो. नंतर तिथे नुसता काळा कडा उरतो. डांबरी रस्ता सोडला की आत नऊ किलोमीटर चिखल, दगड आणि ओढे.

त्या दिवशी आम्ही पाच गाड्या होतो. पुढच्या गाडीत मी आणि माझा नवरा गजेंद्र. चौथ्या गाडीत नील. पाचवी गाडी निहारची, म्हणजे माझ्या धाकट्या भावाची. तो तीत एकटाच होता.

शेवटच्या गाडीला आम्ही पूछडी, म्हणजे शेपूट, म्हणतो. अर्धा ग्रुप गुजराती असल्यामुळे असले शब्द आमच्याही तोंडात बसलेत. पूछडीचं काम सगळ्यात जोखमीचं. सगळे ओढा पार होईपर्यंत तिने थांबायचं आणि मग एकटीने उतरायचं. म्हणून ती नेहमी जुन्या, मुरलेल्या माणसाकडे असते.

निहारने जीप घेऊन दोनच महिने झाले होते. नागरवाड्यात आमच्या घरी आई त्याला सोडायलाच तयार नव्हती. मीच तिला म्हटलं होतं, "मी आहे ना बरोबर."

डभोईला चहा पिताना तो माझ्या मागे लागला.

"ताई, आज पूछडी मला दे ने. किती दिवस मधेच चालवू?"

मी नाही म्हणाले. तो लाडात आला की मला नाही म्हणणं फार वेळ जमत नाही. हे त्याला चांगलं ठाऊक होतं. मी हो म्हणाले.

धबधबा बघून झाला, डबे खाऊन झाले. सव्वादोनला परत निघालो. निघता निघता पाऊस वाढला आणि दरीतून धुकं वर आलं. आरशात मागची गाडी दिसेना.

अशा वेळी आमचा नियम ठरलेला आहे. दर दहा मिनिटांनी पुढची गाडी वॉकीटॉकीवर गणतरी, म्हणजे मोजणी, घेते. एकेकाने आपला नंबर सांगायचा. शेवटी पूछडी म्हणते, 'पूछडी क्लिअर, चला.' म्हणजे मागे कोणी राहिलेलं नाही. उत्तर आलं नाही तर सगळ्यांनी जागेवर थांबायचं आणि मागे जायचं. सेट माझ्या हातात होता.

धबधब्याच्या तोंडचा ओढा आम्ही ओलांडला. थोडं पुढे गेल्यावर मी पहिली गणतरी घेतली.

दोन. तीन. चार.

मग थोडा वेळ काहीच नाही...

"पाच. पूछडी क्लिअर. चला."

निहारचाच आवाज. माझा जीव भांड्यात पडला.

दहा मिनिटांनी परत. दोन, तीन, चार...

"पाच. पूछडी क्लिअर. चला."

तिसऱ्या वेळी मला काहीतरी खटकलं. बाकीच्यांनी बटण दाबलं की त्यांच्या आवाजामागे इंजिनाची घरघर यायची, वायपर ऐकू यायचे. नीलच्या गाडीत तर गाणीही चालू असायची.

निहारच्या आवाजामागे गाडी नव्हतीच. फक्त पाणी पडत होतं...

मला वाटलं, काच खाली केली असेल. मी गजेंद्रला तसं म्हणालेसुद्धा.

चौथ्या वेळी मी मुद्दाम विचारलं, "निहार, डब्यांची पिशवी तुझ्याकडे आहे का रे?"

"पाच. पूछडी क्लिअर. चला."

"मी डब्यांचं विचारतेय."

"पाच. पूछडी क्लिअर. चला."

मला राग आला. सकाळीच तो म्हणाला होता की ताई वर्गातल्यासारखी हजेरी घेते. आता माझी चेष्टा करतोय, असं मी धरून चालले. त्याच्यावर रागावून मी सेट मांडीवर आपटला. मला हे अजून आठवतं.

चारला आम्ही डांबरी रस्त्याला लागलो. तिथे वन खात्याची चौकी आहे. एरवी आम्ही तिथे उतरून सगळ्या गाड्यांची वाट बघतो. त्या दिवशी पाऊस झोडपत होता, म्हणून ठरवलं की थेट पाच किलोमीटर पुढच्या चहाच्या टपरीवरच थांबू. गणतरी पूर्ण येत होती. मग काळजी कसली?

टपरीवर एकेक गाडी आली.

दोन.

तीन.

चार...

नील उतरला, त्याने चष्मा पुसला. मी विचारलं, "निहार कुठे?"

"पाछळच आहे ताई. डांबरी रस्त्याच्या फाट्यापर्यंत त्याचे पिवळे लाइट मला दिसत होते."

आम्ही पाच मिनिटं थांबलो. मग दहा. रस्ता रिकामाच होता. सेट माझ्या हातात होता आणि मी बटण दाबलेलं नव्हतं.

तरी तो बोलला.

"पाच. पूछडी क्लिअर. चला."

आम्ही तर थांबलो होतो. चला कुठे?

आणि तेव्हा मला सेटची रेंज आठवली. हे सेट डोंगरात जेमतेम दोन किलोमीटर चालतात. मी स्वतः मुलांना शिकवते की या लहरी डोंगर ओलांडत नाहीत. निहार दोन किलोमीटरच्या आत असता तर त्या सरळ रस्त्यावर तो आम्हाला दिसला असता.

आवाज मात्र अगदी स्वच्छ येत होता. माझ्या समोर उभा असलेला नील बोलला असता, त्याहूनही स्वच्छ.

आम्ही चारही गाड्या उलट्या फिरवल्या. जंगलात चार किलोमीटर आत गेल्यावर मधला ओढा लागला. दोन तासांपूर्वी त्याला गुडघाभर पाणी होतं. आता त्यातून आख्खी झाडं वाहत जात होती. गजेंद्र कमरेला दोर बांधून उतरला. चार पावलांवर त्याचे पाय सुटले आणि तिघांनी मिळून त्याला ओढून काढलं.

मी काठावर उभी राहून सेटवर ओरडत होते.

"निहार, कुठे आहेस? काय दिसतंय ते सांग. निहार, ताई बोलतेय."

दर वेळी तेच उत्तर. तोच सूर, तेवढाच वेळ. कुठे घाई नाही, कुठे भीती नाही. पहिल्या गणतरीत जसा बोलला होता, अगदी तसाच.

सहा चाळीसला मी विचारलं आणि उत्तर आलं नाही.

त्यानंतर कधीच आलं नाही.

सकाळी पाणी उतरलं. वन खात्याचे लोक आणि पोलीस आमच्याबरोबर आत आले. निहारची जीप धबधब्याच्या तोंडच्या त्या पहिल्याच ओढ्यात सापडली. तो तिथून पुढे आलाच नव्हता. आमच्या चार गाड्या गेल्या, त्याने जीप पाण्यात घातली आणि पाण्याने जीप खडकावरून बाजूला लोटली. जीप कलंडली होती. पुढचा भाग पाण्यात, आणि तिथेच बसवलेला वॉकीटॉकीही पाण्यात. जीपमधलं घड्याळ दोन बावीसला बंद पडलं होतं.

माझी पहिली गणतरी अडीचची होती.

निहार कमरेपासून वर खडकावर होता. पाय दरवाजात अडकले होते.

चौकीतला गार्ड, पन्नाशीचा माणूस, माझ्यापासून लांब उभा होता. त्याने चौकीतलं रजिस्टर पोलिसांना दाखवलं. आत गेलेल्या गाड्या पाच. बाहेर आलेल्या गाड्या पाच. त्याने स्वतः फाटकाचा दांडा उचलून मोजल्या होत्या. पोलीस त्याच्यावर ओरडले. नंतर तो माझ्याजवळ आला आणि खाली बघत बोलला.

"बेन, ए कोतरमां अमे ढोर पण गणता नथी. गणो तो पूरांज आवे. घरे जईने एक ओछुं होय."

त्या दरीत आम्ही गुरंसुद्धा मोजत नाही. मोजली की पूर्णच भरतात, आणि घरी गेल्यावर एक कमी असतं.

मी त्याला विचारलं, मग काल हे का सांगितलं नाहीस? तो म्हणाला, तुम्ही शहरातले लोक, हसला असता. ते खरं होतं. मी सगळ्यात आधी हसले असते.

डोक्यावरून पाणी गेलं असेल, क्षणात संपलं असेल, असं मी स्वतःला समजावत होते. मग पोस्टमॉर्टेमचा रिपोर्ट आला. मृत्यू संध्याकाळी सहा ते सातच्या दरम्यान, रक्तस्राव आणि थंडीने. त्याच्या दोन्ही हातांची नखं खडकावर घासून गेली होती.

सव्वाचार तास तो जिवंत होता.

अडीचला उत्तर आलं नसतं, तर नियमाप्रमाणे आम्ही जागेवर थांबलो असतो. दहा मिनिटांत त्याच्यापाशी पोहोचलो असतो. आमच्याकडे दोर होते, जॅक होता, जड गाडी ओढायला चार गाड्यांच्या विंच होत्या. दर वेळी उत्तर आलं, म्हणूनच आम्ही त्याच्यापासून लांब जात राहिलो.

नीलने जीप विकली. तो अजून शपथेवर सांगतो की पिवळे लाइट त्याने पाहिले होते. एका सहकाऱ्याने मला समजावलं की आधीच्या गणतरीचे आवाज तुझ्या डोक्यात घुमत असतील. मग चार गाड्यांतल्या सात जणांनी ते कसे ऐकले, असं मी त्याला विचारलं.

आईला रिपोर्टबद्दल काही माहीत नाही. मी तो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवलाय. तिला फक्त एवढंच कळलंय की निहार त्या दिवशी संध्याकाळपर्यंत वॉकीटॉकीवर माझ्याशी बोलत होता. नागरवाड्यात भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ती हेच सांगते. माझा निहार एकटा नाही गेला, शेवटपर्यंत आमची देवश्री त्याच्याशी बोलत होती. तेवढ्या एका वाक्यावर ती जेवते, देवाला फुलं वाहते, झोपते.

मग ती माझ्याकडे बघते, आणि मी मान डोलावते.

तो पूर्ण वेळ एकटाच होता. मी कोणाशी बोलत होते, ते मला माहीत नाही.