खोलीत फक्त सहा जण

२०२०च्या सप्टेंबरातल्या एका शनिवारी अश्वजित सायकलच्या पुढच्या पेटीत एक जुना टीव्ही घालून निघाला. जाड पाठीचा, दोन माणसांनी उचलायचा टीव्ही. नेदरलँड्समधल्या एनस्खेडे गावातल्या जुन्या वस्तूंच्या दुकानदाराने तो फुकट दिला आणि वर विचारलं, "परत आणून नाही ना देणार?"

असले टीव्ही अश्वजितला लागत. आठवडाभर तो एका कंपनीत सर्किटं आखायचा आणि शनिवारी दुपारी दोन ते पाच, कापडगिरणीच्या जुन्या इमारतीत कार्यशाळा घ्यायचा. कशाची, हे नागपूरच्या आईला फोनवर समजावताना त्याने तीनदा हात टेकले होते. कॉम्प्युटर नाही, फिल्म नाही. नुसता विजेचा प्रवाह, पन्नासेक बटणं आणि वायरींचं जंजाळ. वायर इथली काढून तिथे टोचायची, बटण पिळायचं, की पडद्यावर रंग उकळायला लागतात. ज्याने त्याने आपल्या हाताने करायचं, हा नियम.

यंत्र बांधलं होतं त्याच्या जिवलग मित्राने, लोकेशने. लोकेश एप्रिलमध्ये करोनाने गेला. अश्वजित तेव्हा स्वतः तापाने घरात कोंडलेला. निरोप द्यायला जाता आलं नाही. लोकेश नियमाचा इतका पक्का, की रिकाम्या चौकातही लाल दिव्याला पाय टेकून उभा राही. आणि डोक्यावर कायम पिवळं हेल्मेट. ज्या देशात आज्ज्यासुद्धा बोडक्या डोक्याने सायकल हाकतात, तिथे हा एकटा. डच लोक विचारत, डोक्याचं ऑपरेशन झालंय का? तो म्हणे, होऊ नये म्हणून.

इमारतीच्या मालकाने खोली मोजून दारावर पाटी लावली होती: 'जास्तीत जास्त सहा व्यक्ती'. बारा खुर्च्यांपैकी सहांवर लाल पट्टीची फुली. दाराशी सॅनिटायझरची बाटली. दाबली की फिस्स करायची. पाच शिकणारे आणि एक अश्वजित, झाले सहा.

शेवटचा धडा नेहमीचा. कॅमेरा मागच्या भिंतीशी ठेवायचा आणि समोरच्या टीव्हीकडे रोखायचा. टीव्हीत खोली दिसते, त्या खोलीत टीव्ही, त्यात पुन्हा खोली, त्यात पुन्हा... आत-आत जाणारं भुयार. बाजूच्या भिंतीतलं काचेचं दारसुद्धा प्रत्येक चौकटीत दिसायचं.

पाटी लागल्यानंतरच्या पहिल्याच वर्गात विम नावाचे निवृत्त टीव्ही मेकॅनिक होते. पांढरेशुभ्र केस, देहाने दोन खुर्च्यांचा ऐवज. भुयार लागलं तसा अश्वजित सवयीने चौकटी मोजू लागला. चौथ्या चौकटीत विमच्या खुर्चीवर कुणी बारीक माणूस पाठमोरा बसला होता. डोकं पिवळं. त्याच्या आतल्या सगळ्या चौकटींतही तोच. विम नव्हतेच.

रंगांची गफलत, असं म्हणून अश्वजितने बटण पिळलं. सगळी खोली निळी झाली. डोकं पिवळंच राहिलं. मग त्याने कॅमेराच बंद केला.

तीन आठवड्यांनी विमच्या मुलीचं पत्र आलं. करोनानेच गेले. वर्गातल्या आणखी कुणाला साधी शिंकसुद्धा आली नव्हती.

एका मोजणीवरून निष्कर्ष काढू नये, एवढं इंजिनियरला कळतं. दुसरी मोजणी ऑक्टोबरात झाली.

त्या शनिवारी लोकेशची बायको आली, धम्मदीपा. विद्यापीठात संशोधन करायची. म्हणाली, "मला हे यंत्र चालवता यायला हवं, दादा. मुलगी विचारते, बाबा शनिवारी जाऊन काय करायचे. आठ वर्षांची आहे, थापा पचत नाहीत तिला."

साडेचारला बाहेर ढग उतरले. खोलीत तापलेल्या धुळीचा वास, टीव्हीची बारीक शीळ. बाकीचे चौघे आपापल्या वायरींत गुंतलेले. अश्वजितने कॅमेरा लावला आणि पुढे येऊन टीव्हीशेजारच्या आपल्या खुर्चीपाशी उभा राहिला. या खेपेला मोजायची गरजच पडली नाही. पिवळं डोकं पहिल्याच चौकटीत होतं.

"दादा," धम्मदीपा हळूच म्हणाली, "माझ्या खुर्चीत..."

"तिकडे बघू नकोस."

"हेल्मेट घालूनच बसलाय. घरात आला तरी काढ म्हणून सांगावं लागायचं..." ती हसल्यासारखी झाली. मग थांबली. "पण मी कुठाय?"

अश्वजितने माणसं मोजली. दोनदा मोजली. पडद्यावर सहा जण. फुलीच्या खुर्च्या रिकाम्या. लोकेश तो; फुलीवर बसणं त्याच्याच्याने शक्य नव्हतं, आणि पाटी मोडून सातवा होणं तर नाहीच. कुणी कमी झाल्याशिवाय त्याला जागा नव्हती.

"उजवा हात वर कर."

तिने केला. पडद्यावर कुणाचाच हात वर झाला नाही.

"दादा... पिल्लू घरी वाट बघतंय."

कॅमेरा बंद करावा, तर तो विमच्या वेळीही केलाच होता. तिला बाहेर काढावं, तर पडद्यावर ती आधीच बाहेर होती. अश्वजितने एवढाच हिशेब केला, की खोलीत एक जण कमी हवा. तो दार उघडून बोळात गेला आणि काचेतून आत पाहत राहिला.

पडद्यावर धम्मदीपा आपल्या खुर्चीत बसली होती, हात अजून वर. टीव्हीशेजारच्या अश्वजितच्या खुर्चीवर पिवळं हेल्मेट. एकूण सहा.

तेव्हापासून जेव्हा जेव्हा वर्ग भरवायला परवानगी असे, तेव्हा अश्वजित बोळात उभा राहून, मोबाइल स्पीकरवर ठेवून, काचेतून हातवारे करत शिकवी. लोकांनी अभिप्रायाच्या वहीत लिहिलं, फार जबाबदार माणूस. सव्वा वर्ष त्याने खोलीत पाय ठेवला नाही. वर्गातलं कुणी दगावलं नाही. धम्मदीपा अधूनमधून यायची, शेवटची पाच मिनिटं पडद्याकडे बघायची, मग लेन्सवर झाकण घालून घरी जायची.

२०२२च्या फेब्रुवारीअखेर सरकारने नियम उठवले. अश्वजितने त्याच दिवशी दारावरची पाटी ओरबाडून काढली, चार तुकडे केले, कचऱ्यात टाकले. खुर्च्यांवरच्या फुल्याही सोलल्या. इतकं हलकं त्याला दोन वर्षांत वाटलं नव्हतं.

मार्चच्या पहिल्या शनिवारी दहा जण आले, धम्मदीपा धरून. अकरावा अश्वजित, आत, टीव्हीशेजारी. भुयार लागलं. पडद्यावर बारा. बाराव्या खुर्चीत हेल्मेट. कमी कुणीच नाही.

"आता सगळ्यांना जागा झाली, दादा," धम्मदीपा म्हणाली.

"झाली."

तेवढ्यात हेल्मेट वळलं. आजवर ते कधी वळलं नव्हतं. तिच्याकडे नाही, दाराकडे. लोकेश उठला आणि खुर्चीच्या बाजूला उभा राहिला, बसमध्ये म्हाताऱ्या माणसाला जागा देतात तसा.

पडद्यातलं दार उघडं होतं. बाहेर बोळात माणसं उभी होती. तोंडावर मास्क, मध्ये बरोबर दीड मीटर. पहिल्याचे केस पांढरेशुभ्र, अंग दोन खुर्च्यांचं. त्याच्यामागे रांग बोळाच्या टोकापर्यंत जाऊन वळली होती. आतल्या चौकटीत ती आणखी लांब होती. त्याच्या आतल्या चौकटीत आणखी.

अश्वजितने खऱ्या दाराकडे पाहिलं. बंद होतं. काचेपलीकडे बोळ रिकामा. पाटीच्या जागी डिंकाचे चार ठिपके. कचऱ्याची पेटी मंगळवारीच रिकामी झाली होती.

"किती जण आहेत, दादा?"

तो मोजायला लागला.

दाराशी बाटलीने फिस्स केलं. दीड मीटर चालायला लागतो तेवढा वेळ गेला. मग पुन्हा, फिस्स.