उतारी दिधी का?

यंत्राला भूत लागत नाही. यंत्राला फक्त कारण लागतं. हे पारसचं आयुष्यभराचं ठाम मत. मागच्या आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, भर दुपारी, धुळ्याच्या रस्त्यावर त्याने ते दोनदा मोठ्याने म्हटलंसुद्धा. तिसऱ्यांदा म्हणायच्या आत त्याने नवकार मंत्र लावला होता.

गोष्ट खरी आहे. गाडी अजून पिंप्राळ्यात त्याच्या दारात उभी आहे. विकायला काढलीय. गिऱ्हाईक येतं, मागे डावीकडे बसून बघतं आणि दुसऱ्या दिवसापासून फोन उचलत नाही.

झालं असं, की पारसने हौसेने नव्या स्प्रिंगा टाकून गाडी दोन इंच खाली बसवली. गॅरेजच्या भाषेत, गाडी ‘उतरवली’. दिसायला झकास. पण मागच्या डाव्या चाकाकडून आवाज सुरू झाला.

कर्र... कर्र...

खडखड नव्हे. निंबाच्या फांदीला झोका टांगून कुणी संथ झुलावं, तसा.

बायको हर्षिता पोटुशी. त्या आवाजाने तिची झोप उडाली. “या आवाजात मी बाळाला घरी आणणार नाही,” एवढं बोलून ती धुळ्याला माहेरी निघून गेली. “बंद झाला की न्यायला या. नाही झाला, तर येऊ नका.”

पारस निंबा मिस्तरीकडे धावला. निंबाने लिंक रॉड बदलला, बुश बदलले, शॉकअप बदलला.

कर्र... कर्र...

“बुश नवा शे, शॉकअप नवा शे,” निंबा कपाळ पुसत म्हणाला. “आवाज जुना शे.”

मग तो स्वतः मागे डावीकडे बसला. चाक आणि मडगार्ड यांच्यात एरवी तळहात मावायचा. आता बोट शिरेना. पारसने चक्कर मारली.

आवाज गायब.

“मी बठनू का बंद. उतरनू का चालू. भाऊ, तुनी गाडीले रिकामी सीट आवडत नही.”

“मग काय तुला घेऊन फिरू?”

“दोन टाइम जेवन दे, मी येस तुनासंगे.”

आखाजीला पारस तसाच धुळ्याला, बायकोला आणायला निघाला. हातापाया पडून बघू म्हणाला. ऊन असं, की रस्त्यावर कुत्रं नव्हतं. एरंडोल गेलं. सोबतीला फक्त ते... कर्र... कर्र...

पुढे एका गावात गतिरोधक आला. उतरवलेल्या गाडीचं पोट घासतं, म्हणून त्याने ती तिरकी करून चढवली. इतकी हळू, की कुणाला बसायचं असतं तर सहज बसता आलं असतं.

दार उघडलं नाही. दार वाजलं नाही.

फक्त आवाज बंद झाला.

पारसने आरशात पाहिलं. मागची सीट रिकामी. “उन्हानं रबर मऊ झालं,” तो म्हणाला. त्याला कारण मिळालं. तो चक्क शीळ घालू लागला.

पण गाडी... डावीकडे झुकून चालली होती.

पारोळ्याच्या पुढे एका फाट्यावर त्याने ती कडुनिंबाच्या सावलीत घेतली आणि खाली उतरला. फांदीला माहेरवाशिणींसाठी आखाजीचा झोका टांगलेला. वारा होता, पाला हलत होता. झोका हलत नव्हता.

खोडाशी एक म्हातारी बसली होती. पुढ्यात पितरांची भरलेली घागर.

“उतारी दिधी का, भाऊ?” तिने आशेने विचारलं.

गाडीचं कौतुक करणारं कुणीतरी भेटलं! पारस फुलला. “हो आजी, उतरवली ना. दोन इंच!”

म्हातारीने मागच्या काचेकडे बोट केलं.

“मंग मांगे बठेल शे ती कोन?”

पारसने वळून पाहिलं. सीट रिकामी होती.

चाकापाशी बोट शिरत नव्हतं.

तेव्हा त्याला कळलं, की म्हातारी गाडीचं विचारत नव्हती. आखाजीला माहेरी यायच्या लेकीला उतरवलं का, ते विचारत होती. त्या वेळी मागचं दार उघडलं असतं, तर कदाचित एवढ्यावर मिटलं असतं. पण तो पळाला. धुळ्यापर्यंत थांबला नाही.

हर्षिताने गल्लीत एक चक्कर मारून ऐकलं. आवाज नव्हता. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. “तुम्ही केलंत! माझ्यासाठी केलंत!” बॅग भरून ती पुढच्या सीटवर येऊन बसली. पारसने गाडी सुरू केली. आवाज सुरू झाला तर बायको जाणार. आवाज बंद आहे, तर...

उन्हं कलल्यावर फाटा आला. म्हातारी नव्हती. झोका नव्हता. घागर तेवढी होती, पालथी. पारसने गाडी थांबवली, मागचं डावं दार उघडलं आणि हळूच म्हणाला, “ताई, उतरा. फाटा आला.”

गाडी तसूभरही वर उठली नाही.

त्याने दार लावलं. पुन्हा उघडलं. हात जोडले. मग लावलं.

“कोणाशी बोलत होता?” हर्षिताने विचारलं.

“दार नीट लागलं नव्हतं.”

गाडी निघाली. कसलाही आवाज नाही. एरंडोल जवळ आलं. हर्षिता पोटावर हात ठेवून समाधानाने गुणगुणत होती. मग मध्येच थांबली आणि मागे न बघताच म्हणाली,

“अहो, एसी जरा कमी करा ना. त्यांना मागे गार लागतंय.”