गाळलेल्या चित्रातली बाई

विश्वास ठेवायचा की नाही ते तुमचं तुम्ही ठरवा. मला कोणाला पटवून द्यायचं नाहीये. पण हे घडलं तेव्हा मी त्या खोलीत होते, आणि जिच्यावर ते बेतलं ती माझी सख्खी मोठी बहीण होती.

आणखी एक. ही रात्रीची गोष्ट नाही.

शनिवारची दुपार होती. बाहेर लख्ख ऊन. खाली रस्त्यावर कोणीतरी गाडी धूत होतं, पाण्याच्या पाइपाचा आवाज वरपर्यंत येत होता.

भावोजी, म्हणजे ताईचे मिस्टर, व्हिडिओ एडिटर. घराच्या मागच्या खोलीत त्यांचं काम चालायचं. मी त्यांच्याच हाताखाली शिकले आणि तिथेच कामाला लागले. ताई कपडे शिवायची. पुढच्या खोलीत, खिडकीशी, तिची खुर्ची आणि मशीन. दिवसभर इकडे आमच्या माऊसची टकटक, तिकडे तिच्या मशीनची घरघर. मध्येच ती ओरडायची, "अहो, चहा झालाय. की तोही कापून-जोडून हवाय?"

असं हसतंखेळतं घर होतं.

त्या आठवड्यात एक मोठं काम आलं होतं. एका संस्थेकडे जुन्या मुलाखतींचं ढीगभर रेकॉर्डिंग पडून होतं. ते कमी जागेत जपून ठेवायचं, तर कुठला कोडेक चांगला, हे भावोजींनी ठरवून द्यायचं होतं.

कोडेक म्हणजे व्हिडिओ दाबून छोटा करायची रीत. बॅग भरताना आपण कपडे कोंबतो ना, तसं. पण इथे कोंबताना थोडं फेकूनही द्यावं लागतं. बघणाऱ्याच्या डोळ्याला कळणार नाही, एवढंच फेकायचं. ज्याला हे नीट जमतं तो कोडेक चांगला.

हे तपासायची एक सोपी युक्ती आहे. एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये मूळ व्हिडिओ खाली ठेवायचा. त्याच्यावर बरोब्बर तोच, पण दाबलेला. मग एकातून दुसरा वजा करायचा. 'डिफरन्स' नावाची सोयच असते. दोन्ही सारखे असतील तर स्क्रीन काळीकुट्ट. जिथे काही गळलंय, तिथे पुसट उजळ रेघा.

म्हणजे स्क्रीनवर दिसतं ते फक्त फेकून दिलेलं.

चाचणीसाठी भावोजींनी ताईचाच व्हिडिओ घेतला होता. ती खिडकीशी बसून एका शर्टाला बटण लावतेय. बारीक चौकड्यांचं कापड, मोकळे केस, मागे कोरी भिंत. कोडेकची परीक्षा घ्यायला असंच लागतं. बारीक चौकडी आली की भल्याभल्यांची भंबेरी उडते.

पहिल्या फेरीत काही विशेष नव्हतं. काळी स्क्रीन, ताईच्या केसांच्या कडा, कापडाची चौकडी. सगळं अपेक्षित.

"आता जरा पिळून बघू," भावोजी म्हणाले. त्यांनी फाईल आणखी लहान केली. पुन्हा वजाबाकी लावली. नीट दिसावं म्हणून उजेड वाढवला.

ताईची आकृती उमटली. खुर्ची उमटली.

आणि खुर्चीच्या मागे…

एक बाई उभी होती.

नुसती कड. चेहरा नाही, रंग नाही. डोकं, उतरते खांदे आणि एक हात.

तो हात ताईच्या डाव्या खांद्यावर होता.

मी भावोजींकडे पाहिलं. ते हलले नव्हते. मग त्यांनी डिफरन्स काढून मूळ व्हिडिओ लावला. ताई. मागे भिंत. दाबलेला लावला. ताई. मागे भिंत.

पुन्हा डिफरन्स.

बाई तिथेच.

"सॉफ्टवेअरचा घोळ असेल," मी म्हणाले.

"असेल," ते म्हणाले.

आम्ही दुसऱ्या कॉम्प्युटरवर करून पाहिलं. दुसरा कोडेक लावून पाहिला. रस्त्यावरच्या गाड्यांचा एक व्हिडिओ होता, तो तपासला. तिथे काहीच नाही, स्वच्छ. ताईचा लावला की ती हजर. आणि फाईल जितकी पिळावी तितकी ती स्पष्ट.

मग भावोजींना आवाजाची आठवण झाली. आवाजालाही हीच वजाबाकी लावता येते. एका आवाजाच्या लहरी उलट्या करायच्या, दुसऱ्यावर ठेवायच्या. सारखं ते एकमेकांत मिटून जातं, गळलेलं तेवढं उरतं.

मूळ व्हिडिओत ताई एकदाच बोलते. मान वर करून विचारते, "झालं का? उठू का मी?" त्यावर भावोजी काही बोललेले नाहीत. ते कॅमेऱ्यात गुंतलेले होते.

त्यांनी हेडफोन लावला. ऐकलं. मग काढून माझ्या हातात दिला.

आधी नुसती खरखर. मग ताईचं वाक्य, लांबून, विहिरीतून आल्यासारखं.

आणि त्याच्या मागोमाग…

"बस."

बाईचा आवाज. रागीट नाही की घाबरवणारा नाही. घरातल्या मोठ्या माणसाने हळू सांगावं तसा.

"बस."

मी हेडफोन टेबलावर ठेवला.

भावोजी उठून पुढच्या खोलीत गेले. मी त्यांच्या मागे. ताई खिडकीशी, तोंडात दोन टाचण्या धरून, कापड मापत होती.

"काय गं," भावोजींनी सहज विचारल्यासारखं विचारलं, "परवा तुझं शूटिंग केलं, तेव्हा तुझ्या मागे कोणी होतं का?"

तिने टाचण्या काढल्या. "मागे भिंत आहे, अहो. भिंतीतून कोण येणार, प्लंबर?"

ती हसली. आम्हीही हसलो. मग कापड खाली ठेवताना तिने डावा खांदा चोळला.

"काय झालं?" मी विचारलं.

"काही नाही गं. हल्ली जड जड वाटतो. मशीनचं काम, दुसरं काय. बाम लावते तर बामही लागत नाही मेला."

भावोजी लगेच मागच्या खोलीत परतले.

पुढचे काही दिवस भावोजींनी दुसरं काम हातात घेतलं नाही. रिकाम्या खुर्चीचं शूटिंग केलं. स्वच्छ. मला त्या खुर्चीत बसवलं. मी जीव मुठीत धरून बसले. स्वच्छ. मग, "लेन्स तपासतोय," असं सांगून स्वयंपाकघरात ताईचं शूटिंग केलं. ती ओट्याशी भांडी पुसत होती, कॅमेऱ्याकडे पाहून तोंड वेंगाडत होती.

तिथे ती बाई होती.

आता मागे उभी नव्हती. ताईच्या शेजारी वाकली होती, तोंड ताईच्या कानाशी.

"भावोजी, बंद करा," मी म्हणाले. "हे सगळं पुसून टाका. हात जोडते."

"पुसून काय होणार? ती फाईलमध्ये असती तर पुसली असती." ते स्क्रीनवरची नजर काढत नव्हते. "ती घरात आहे."

तेवढ्यात दार ढकललं गेलं.

"दोघं दार लावून काय बघत बसता रोज?" ताई आत आली होती. "माझ्या वाढदिवसाचं काही असेल तर आधीच सांगते, मला गाजावाजा नको."

भावोजींनी स्क्रीन बंद करायला हात पुढे केला. पण तिने पाहिलं होतं.

ती जवळ आली. वाकून पाहू लागली. तिच्या चेहऱ्यावर भीती येईल म्हणून मी वाट बघत होते. भीती आली नाही. कोणाचा तरी चेहरा आठवावा आणि नाव आठवू नये, तसं तिचं झालं होतं.

"कोण आहे ही?" भावोजींनी विचारलं. "तू ओळखतेस?"

"नाही."

"नीट बघ."

"अहो, नाही म्हटलं ना." मग ती हळूच म्हणाली, "पण ती मला ओळखते."

तिने ते सगळं पुसायला लावलं. आम्ही पुसलं. मूळ, दाबलेलं, सगळं. आवाजाचं आम्ही तिला सांगितलं नव्हतं. ठरवूनच नव्हतं सांगितलं. आधीच काय कमी होतं!

त्या संस्थेला भावोजींनी कळवलं की काम जमणार नाही. वर एवढंच लिहिलं, "जागा लागली तर लागू दे. मूळचं काहीही गाळू नका."

त्यानंतर ताई बदलत गेली.

कोणाला सांगून पटलं नसतं. जेवत होती, झोपत होती. डॉक्टरांनी तपासून टॉनिक लिहून दिलं. पण तिचं ओरडून बोलणं गेलं. मशीनचा आवाज आधी कमी झाला, मग थांबला. ती नुसती खुर्चीत बसून राहायची.

मी म्हणायचे, "ताई, चल, खाली एक फेरी मारून येऊ."

"चल," म्हणायची. हात टेकून उठायला लागायची. आणि अर्धवट उठल्यावर…

थांबायची. मान जराशी कलती करायची.

आणि पुन्हा बसायची.

"काय झालं गं?"

"काही नाही. बसते जरा."

मी तिला ओढून उठवलंय. खरंच, दोन्ही हातांनी ओढलंय. वाळकी काटकी झाली होती ती, पण जागची हलली नाही. जमिनीत रोवल्यासारखी.

एका दुपारी भावोजी बाहेर गेले होते. मी मागच्या खोलीत होते. पुढून ताईचा आवाज आला. बऱ्याच दिवसांनी, मोठ्याने, नीट.

"झालं का? उठू का मी?"

मी धावत गेले.

ती खुर्चीत होती. डोळे उघडे. हातातल्या सुईत दोरा ओवलेला. चेहरा शांत, विचारल्याचं उत्तर मिळाल्यासारखा.

डॉक्टर म्हणाले, हृदय बंद पडलं. होतं असं कधीकधी, या वयातही.

मी ते काम सोडलं. त्या घरी जाणंही कमी केलं. भावोजी एकटेच राहिले. माझ्या आईने, दादाने किती वेळा सांगितलं की आमच्याकडे या, इथे भिंतींशी बोलत काय बसता. ते "बघू" म्हणायचे.

आणि मग मागच्या उन्हाळ्यात, भर दुपारी, ते माझ्या दारात उभे. दाढी वाढलेली. काखेत लॅपटॉप.

"काल मी माझंच शूटिंग केलं," ते म्हणाले. "तुझ्या ताईच्या खुर्चीत बसून. दाबलं, वजाबाकी लावली. पण बघायची हिंमत होत नाहीये. तू आधी बघ."

"भावोजी, नको ना आता."

"माझ्यासाठी बघ. ती असेल तर मला कळायला हवं."

मी त्यांना आत घेतलं. त्यांनी लॅपटॉप टेबलावर ठेवला आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभे राहिले. शिक्षा केल्यासारखे.

मी बटण दाबलं.

काळी स्क्रीन. खुर्चीत बसलेल्या भावोजींची पुसट कड.

आणि त्यांच्या पायाशी…

जमिनीवर बसलेली, त्यांच्या गुडघ्यावर डोकं टेकलेली, मोकळ्या केसांची.

ताई होती. स्वतःच्या बहिणीला कड पाहूनही ओळखता येतं.

माझ्या तोंडून हुंदका फुटला. भावोजींनी ऐकला.

"आहे?"

"आहे," मी म्हणाले.

त्यांचे खांदे हलायला लागले. ते रडत होते. मग त्याच ओल्या आवाजात त्यांनी विचारलं, "एकटीच आहे ना?"

मी स्क्रीनकडे पाहिलं.

ताईच्या मागे ती उभी होती. एक हात ताईच्या डोक्यावर. दुसरा भावोजींच्या खांद्यावर ठेवलेला.

"हो," मी म्हणाले. "एकटीच आहे."

ते वळायच्या आत मी लॅपटॉप मिटला. त्यांना पाणी दिलं. म्हटलं, आता शांत झालात ना, मग पुसून टाका, तिला जाऊ द्या. त्यांनी लहान मुलासारखी मान हलवली. निघताना माझ्या डोक्यावर हात ठेवला. मला वाटलं, सुटलो.

आठवड्याने त्यांचा मेसेज आला. एकच ओळ.

"तू एकटी म्हणाली होतीस."

मी फोन केला. उचलला नाही. तशीच रिक्षा करून गेले. बेल वाजवली, दार बडवलं. बऱ्याच वेळाने आतली साखळी न काढता त्यांनी बोटभर दार उघडलं. फटीतून पुढची खोली दिसत होती. खिडकीशी खुर्ची. समोर स्टँडवर कॅमेरा, त्याचा लाल दिवा चालू.

"भावोजी, दार उघडा. माझ्यासोबत चला."

"आत्ता नको," ते कुजबुजले. "आम्ही बसलोय."

"आम्ही म्हणजे कोण?"

"हळू बोल गं." त्यांनी मागे वळून पाहिलं. घरातल्या मोठ्या माणसाची झोप मोडेल म्हणून आपण पाहतो, तसं. "तिला आवडत नाही."

"कोणाला? ताईला?"

त्यांनी दार लावून घेतलं.

ते अजून तिथेच राहतात. दादा दर आठवड्याला सामान दाराशी ठेवून येतो. पिशवी आत घेतलेली असते, म्हणजे ते आहेत. शेजारचे म्हणतात, त्रास काही नाही, आवाजही नाही. फक्त दुपारच्या वेळी कधीतरी खुर्ची सरकल्याचं ऐकू येतं. कोणीतरी उठतंय असं वाटतं.

मग पुन्हा सगळं शांत होतं.

मी आता कोणाला माझा फोटोसुद्धा काढू देत नाही.