येण्याचा ‘येतो’

“ओ पाव्हणं! पाणी चढतंय!”

काठावरून हाळी आली, पण सहदेवनं मान वर केली नाही. नदीच्या मध्ये उघड्या पडलेल्या वाळूत तो पुलाच्या कामासाठी एक बांबू रोवत होता. बांबूच्या टोकाला लाल फडकं बांधलेलं होतं.

“चढू दे की,” तो म्हणाला. “नदी ती. चढून चढून कुठं जाणार? शेवटी खालीच.”

काठावरची मुलगी कमरेवर हात ठेवून हसली. “डोंगरातलं दिसताय.”

“आंबेनळीकडचा. का?”

“म्हणूनच! तुमच्याकडं नदी एकाच बाजूनं वाहते. आमची सावित्री दिवसाला दोनदा उलटी फिरते. मागं बघा जरा.”

सहदेवनं मागं पाहिलं. ज्या वाटेनं तो आला होता ती वाट आता नव्हतीच. तिथं पाणी होतं, आणि ते समुद्राकडून महाडकडे, म्हणजे उलटं, वाहत होतं. बघता बघता त्याच्या पोटऱ्या बुडाल्या.

“पोहता येतं?” मुलीनं विचारलं. आता ती हसत नव्हती.

“…चढता येतं.”

तिनं खुंटाची होडी सोडली आणि काठीनं ढकलत त्याच्याजवळ आणली. “बसा लवकर. आणि हलू नका. नांगर आणला नाय मी.”

“नांगर?” होडीत बसता बसता सहदेव थबकला. “पाण्यात काय पेरता गो तुमी?”

ती इतकी हसली की होडीच डुलायला लागली. तिनं शेजारून चाललेल्या पडावाकडे बोट दाखवलं. मालाची मोठी होडी ती. तिच्या नाळेवर, म्हणजे पुढच्या टोकावर, लोखंडाचा आकडा लटकत होता. “तो बघा आमचा नांगर. पाण्यात टाकला की तळाला रुततो आणि पडाव जागच्या जागी उभा करतो.”

सहदेव जरा विचार करून म्हणाला, “आमचा नांगर चालतो. तुमचा थांबवतो.”

मुलगी काठी टेकून त्याच्याकडे बघत राहिली. एवढंच म्हणाली, “बोलता बरं.”

तिचं नाव तुळसा. हैबतीची ती मुलगी. हैबतीची थोडी भातशेती होती आणि एक पडाव होता. भरतीबरोबर दासगावहून कौलं, मीठ घेऊन तो महाडला यायचा आणि ओहोटीबरोबर भात घेऊन परत जायचा. भरतीला सगळ्या होड्या वर येणार, ओहोटीला सगळ्या खाली जाणार. हा नियम कोण्या साहेबानं केलेला नव्हता. तो नदीचाच होता, आणि पिढ्यान्‌पिढ्या तो पुरत आला होता.

पण त्या वर्षी नदीवर दगडी पूल बांधायला घेतला, आणि नदीचा नियम अपुरा पडू लागला.

पुलाला कमानी होत्या. दगडी कमान पुरी होईपर्यंत ती आपल्या अंगावर उभी राहत नाही, खालून लाकडी आधार द्यावा लागतो. तसे आधार दिल्यामुळं कमानींखालचे बाकी सगळे गाळे बंद झाले होते. होड्यांसाठी एकच गाळा मोकळा होता. आणि घडीव दगड तराफ्यावरून आणून, दोर-कप्पीनं, त्याच गाळ्यातून वर चढवावे लागत. दगड वर जात असताना खालून होडी गेली आणि डोलकाठी दोराला अडकली, तर काय होईल हे सांगायला नको.

त्यात नदीला तिथं वळण. खालून येणाऱ्या होडीला पूल दिसायचाच नाही. दिसेपर्यंत भरतीच्या ओढीनं ती गाळ्याच्या तोंडाशी आलेली असायची.

म्हणून दोन माणसं ठेवली होती. एक पुलाच्या परांचीवर, लाल आणि पांढरं निशाण घेऊन. सहदेव तो. आंबेनळीच्या घाटात सुरुंग लावताना गाड्या थोपवायला तो लाल निशाण घेऊन उभा राहायचा, म्हणून त्याला आणला होता. दुसरा माणूस वळणावरच्या खडकावर. तिथून पूलही दिसायचा आणि खालचं पाणीही. ते काम हैबतीला दिलं होतं. पण हैबतीला त्याचा पडाव होता. मग खडकावर तुळसा उभी राहू लागली.

मुकादम कुशाबा पहिल्या दिवशी कुरकुरला होता, “पोरगी?”

“हाळी ऐका तिची,” हैबती म्हणाला होता. “दासगावची घार फिरते माघारी.”

सहदेवनं पांढरं निशाण दाखवलं की तुळसा खालच्या होडीला हाळी द्यायची, “येऊ देऽऽ!” लाल दिसलं की, “थांबाऽऽ!” मग होडी खडकाखालच्या खुंटाला बांधून ठेवायची. दिवसभर दोघं एकमेकांकडे बघत उभी असायची. कामच तसं होतं.

आणि कामाचं बघणं कुठं संपलं आणि दुसरं कुठं सुरू झालं… ते त्या दोघांनाही सांगता आलं नसतं.

दुपारी काम थांबलं की सहदेव खडकापर्यंत यायचा.

“आज पांढरं निशाण दोनदा हललं,” तुळसा म्हणायची. “होडी तर एकच होती.”

“वारा होता.”

“पान हलत नव्हतं!”

“मग… हात भरून आला असंल.”

“ओ निशाणवाले, हात भरून आला तर खाली येतो. वर नाय जात.”

ती त्याला ‘ओ निशाणवाले’च म्हणायची. त्याचं नाव तिच्या तोंडी कधी आलं नव्हतं. सहदेव एकदा म्हणालाही, “माझं नाव ठावं हाय ना तुला?”

“हाय की.”

“मग?”

“नाव काय… वेळ आल्यावर घ्यायचं असतं,” ती म्हणाली, आणि पदराचं टोक बोटाला गुंडाळत नदीकडे बघत राहिली.

माघात सावित्रीच्या खोऱ्यात दाट धुकं पडायला लागलं. सकाळी निशाण दिसेना, पूलही दिसेना. मग निशाणाचं काम आवाजावर आलं. सहदेव पुलावरून ओरडायचा, “येऊ दे!” किंवा “थांबव!” आणि तुळसा ते खाली पोचवायची.

त्या सकाळी धुकं एवढं होतं की तुळसाला आपल्या पायाखालचा खडकही नीट दिसत नव्हता. पदर दवानं भिजून जड झाला होता. पुलावरून हाळी आली होती, “थांबव!” आणि खाली खुंटाला एकच पडाव बांधलेला होता. तिच्या बापाचा.

“तुळसाऽ!” हैबती खालून ओरडला. “सोड गो! पाणी फिरंल आता. भरल्या कौलांनी रेतीत बसलो तर पडावाचं पोट फुटंल.”

“थांबा बाबा! वरून हाळी नाय.”

“ईचार त्याला!”

“ईचारलं. थांबा म्हणतोय.”

तिनं वाकून काठाच्या दगडाकडे पाहिलं. पाणी वर चढायचं थांबत आलं होतं. आता थोडाच वेळ. मग ते उतरू लागेल…

इकडे पुलावर कुशाबानं सहदेवला हाक मारली, “सहदेव, इकडं ये! मोठा दगड चढवायचा, दोराला माणूस कमी पडतंय.”

“मुकादम, माझी जागा?”

“या धुक्यात कोण मरायला येतंय? थांबव म्हणालास ना? मग थांबलेत ते. ये!”

ते खरंच होतं. थांबवलं तर होतंच. तरी जागा सोडताना तुळसाला सांगायला हवं, की इथं आता कोणी नाही. तो धुक्याकडे तोंड करून ओरडला.

आता, आपल्याकडे निघताना ‘जातो’ कोणी म्हणत नाही. म्हाताऱ्यानं म्हटलं तरी घरातले त्याच्या तोंडावर हात ठेवतात. आणि जिथं पाण्याशी गाठ आहे तिथं तर नाहीच नाही. आईनं शिकवलेलं असतं, निघताना ‘येतो’ म्हणावं. सहदेवलाही त्याच्या आईनं तेच शिकवलं होतं.

तो ओरडला, “येऽऽतो गोऽऽ!”

आणि दोराला हात घालायला गेला.

धुकं आवाज खातं. आधी शेपूट खातं. वळणावरच्या खडकापर्यंत त्या हाळीचं तोंड तेवढं पोचलं.

“येऽऽ…”

तुळसाच्या छातीवरचा दगड उतरला. ती वळून ओरडली, “बाबाऽ! येऊ दे म्हणतोय! सोडा!”

पडाव सुटला. वल्ह्यांचा आवाज तिच्या समोरून गेला, डोलकाठीचं टोक धुक्यात क्षणभर दिसलं आणि वळणाआड नाहीसं झालं. ती हसली. मनात म्हणाली, आज दुपारी विचारते त्याला, एवढा वेळ का लावलात म्हणून.

मग पुलाकडून दुसरा आवाज आला. बऱ्याच माणसांचा, एका तालावरचा.

“हां रे… ओढ! हां रे… ओढ!”

तुळसा जागच्या जागी गोठली. दगड चढतोय… मग तो ‘येऊ दे’ कसा म्हणेल? तो म्हणाला तरी काय होता? ये… ये… येतो.

“येतो!” तिच्या तोंडून शब्द निघाला आणि ती धावत सुटली.

बांधावरून, काट्यांतून, चिखलातून ती धावत होती. “बाबाऽ! थांबाऽ!” पण हैबती वल्ह्यांच्या आवाजात होता, आणि भरतीची उरलीसुरली ओढ पडावाला गाळ्याकडे नेत होती. बापाला ऐकू जाईना. मग कोणाला ऐकू जाईल? पुलावर एकच माणूस असा होता ज्याचे कान दिवसभर तिच्याच हाळीकडे लागलेले असत.

तिनं असेल नसेल तेवढा श्वास छातीत घेतला.

“सहदेऽऽव!”

परांचीवर सहदेव दोराच्या शेवटच्या टोकाला होता. पाय फळीला अडवलेले, दोर पंजाभोवती. खाली गाळ्यात दगड लोंबत होता. तिनं कधीच न घेतलेलं नाव त्यानं ऐकलं, आणि त्याला दुसरं काही सांगायची गरज पडली नाही. त्यानं खाली पाहिलं. धुक्यातून डोलकाठीचं टोक पुढं येत होतं.

“मुकादम, पडाव!”

“सोडू नकाऽ!” कुशाबा किंचाळला. “कोणी सोडू नका दोर!”

हात सोडता येत नव्हते. निशाण घेता येत नव्हतं. उडी मारली असती तरी पोहता येत नव्हतं. सहदेवजवळ फक्त तोंड होतं. ‘थांबा’ म्हणून उपयोग नव्हता. वल्ही उलटी मारली तरी भरला पडाव लगेच थांबत नाही, एवढं तो आता शिकला होता. मग थांबवणारं काय होतं?

“नांगर!” तो ओरडला. “हैबतीबाबा, नांगर टाका! नांगर!”

खाली काही क्षण काहीच झालं नाही. मग साखळी खळाळली. पाण्यात काहीतरी धप्पकन पडलं. साखळी ताणली गेली, पडावाची नाळ हिसका बसून वळली आणि कौलं खडखडली. डोलकाठी झुकली, दगडाच्या दोराकडे आली, आणखी आली… आणि हातभर अंतरावर थरथरत उभी राहिली.

वर माणसांनी दगड ओढून पुलावर घेतला. तेव्हा कुठं सहदेवनं दोर सोडला. त्याच्या तळव्यांची सालं निघाली होती.

तुळसा काठावर गुडघ्यांवर बसली होती. 

पुलाच्या कामावरच्या साहेबानं सगळ्यांना बोलावून विचारलं, पडाव कोणी सोडला? दोघांपैकी एकाला कामावरून काढावं लागेल.

“म्या जागा सोडली,” सहदेव म्हणाला.

“मी चुकीचं ऐकलं,” तुळसा म्हणाली.

“तिला काय बोलू नका साहेब.”

“त्यांना कशाला? हाळी मी दिली!”

“तू गप गो.”

“तुमीच गप बसा!”

कुशाबानं घसा खाकरला आणि खाली बघत म्हणाला, “जागा मी सोडायला लावली, साहेब.”

हैबती इतका वेळ नांगराची साखळी गोळा करत होता. तो म्हणाला, “चूक कोणाचीच नाय साहेब, चूक आपल्या जिभेची हाय. निघताना येतो म्हणायची खोड. आता पुलावर एक नेम करा. जो जागा सोडंल त्यानं ‘जातो’ म्हणायचं. तोंड कडू झालं तरी चालंल, डोस्की शाबूत राहतील.”

साहेबाला ते पटलं. नेम झाला आणि दोघं कामावर राहिली.

पण नेम फार कडू निघाला. रोज संध्याकाळी निशाण गुंडाळून सहदेव पुलावरून ओरडायचा, “जातोऽऽ!” आणि खडकावर तुळसा हळूच, त्याला ऐकू जाणार नाही असं पुटपुटायची, “या परत.”

एका दुपारी ती फणकारली, “एवढं वंगाळ बोलायचं तर जरा हळू तरी बोला.”

“हळू बोललं तर धुकं खातं ना गो.”

“चैत्र लागला. कुठलं धुकं?”

“मग… तुला काय वाटतं ते बघायचं असतं.”

“तुमाला काय कळतं इतक्या लांबून?”

“मान खाली जाते तुझी,” सहदेव म्हणाला. “रोज.”

तुळसानं त्याच्या तळहातावरच्या वणांकडे पाहिलं, आणि चटकन नजर काढून घेतली.

वैशाखात कमानी पुऱ्या झाल्या. लाकडी आधार काढले, सगळे गाळे मोकळे झाले. होड्या वाटेल तिथून जायला लागल्या. आता निशाण नको होतं, खडकावर उभं राहणारं माणूसही नको होतं. सहदेवला पेरणीसाठी डोंगरात परतायचं होतं. गाठोडं घेऊन तो काठावर आला, तेव्हा हैबती पडावात कौलं रचत होता आणि तुळसा ती हातोहात देत होती.

“निघालात?” तिनं कौल हातातच धरून विचारलं.

“हां.”

“म्हणा मग. तुमचं ते… नेमाचं.”

सहदेवनं गाठोडं दुसऱ्या खांद्यावर घेतलं. मग म्हणाला, “पूल झाला गो. नेम संपला.” आणि अगदी हळू म्हणाला, “येतो.”

तुळसानं हातातलं कौल खाली ठेवलं. या वेळी तिला अर्ध्या शब्दावर राहायचं नव्हतं. एकदा राहिली होती, तेवढं पुरे होतं.

“नीट सांगा,” ती म्हणाली. “जाण्याचा येतो, की येण्याचा?”

पडावात हैबतीचे हात थांबले. तो पाठमोराच राहिला.

“येण्याचा,” सहदेव म्हणाला. “आईला घेऊन. पेरणी झाली की.”

आणि तो वळला. मान वर करून बघायची हिंमत त्याला झाली नाही. तो बांधावरून भराभरा चालत सुटला. नव्या पुलावर चढला, पुलाच्या मध्यावर पोचला. जिथं तो रोज उभा राहायचा, नेमका तिथं.

तुळसानं बापाकडे पाहिलं. हैबती पाठमोराच म्हणाला, “माझ्याकडं काय बघतेस? हाळी तुझी.”

ती खडकावर धावत चढली. त्या दिवशी धुकं नव्हतं. वारा नव्हता, आणि शब्दाचं शेपूट खाईल असं काहीच नव्हतं. तिनं तोंडाभोवती हात धरले.

“येऊ देऽऽऽ!”

पुलावरच्या माणसानं गाठोडं खाली ठेवलं, डोक्याचा पांढरा पटका सोडला आणि हात उंच करून तो हलवला.

एकदा नव्हे, दोनदा.