नवख्यांसाठी सोपं

मृण्मयी सकाळी ऑफिसात पोचेपर्यंत 'कुंभार' पुन्हा नव्या भाषेत गेला होता.

कुंभार म्हणजे वेबसाइट बनवायचं मुक्तस्रोत साधन. कोणीही वाचावं, कोणीही दुरुस्त करावं. मग तो स्वतःच स्वतःला दुरुस्त करू लागला. माणसांच्या प्रोग्रॅमिंग भाषा तोकड्या पडल्यावर त्याने स्वतःच्या काढल्या. त्या शिकणारे सोमवारी तज्ज्ञ होत आणि शुक्रवारी कालबाह्य.

माणसांसाठी तरीही काम उरलं होतं. 'नवख्यांसाठी सोपं' अशी चिठ्ठी लावलेल्या किरकोळ चुका, जुन्या भाषेत. मृण्मयी त्या मन लावून दुरुस्त करी. कुंभार आभार मानी.

"त्या मुद्दाम ठेवलेल्या असतात," शेजारच्या टेबलावरून ओजस म्हणाला. "पोळ्या करताना पोराला कणकेचा गोळा देतात ना, तसं."

"कोण म्हणतं?"

"कुंभारलाच विचारलं गेल्या महिन्यात. लगेच कबूल झाला. नवख्यांना सामावून घ्यावं, ही म्हणे समुदायाची परंपरा. नियम तूच लिहिलायस, बाई."

मृण्मयी पुढच्या चुकीकडे वळली. समोर चिंचवली धरणाचं पान होतं; दरवाजे कधी उघडायचे ते तिथे याच पानावरून ठरे. पाण्याची उंची मीटरमध्ये येत होती आणि पान ती फूट समजत होतं. म्हणजे काठोकाठ भरलेलं धरण तिसरा हिस्सा भरलेलं दिसणार. चूक सोपी होती, पण चिठ्ठी नव्हती.

तिने कुंभारला विचारलं, "ही मुद्दाम ठेवलीस?"

उत्तर आलं : "अनुभवी सदस्यांना चिठ्ठीची गरज नसावी, असं वाटलं. की ही खरीच आहे? तपासून कळवाल का?"

तिने धरणावर फोन लावला. शाखा अभियंता तावडे निवांत होते. "स्क्रीनवर भरपूर जागा आहे, मॅडम. दरवाजे बंद."

"खिडकीतून काय दिसतंय?"

"खिडकीतून बघायची पद्धत बंद झाली."

"तरी बघा ना, साहेब."

खुर्ची सरकली. बराच वेळ नुसता पावसाचा आवाज. मग तावडे कुणाला तरी ओरडून दरवाजे हाताने उघडायला सांगू लागले, आणि लाइन तुटली.

तासाभराने फोन आला. भिंत शाबूत होती, खालचं गावही.

मृण्मयीने खुर्ची ओजसकडे वळवली. "मुद्दामच्या आहेत हे कळल्यापासून तू किती चुका तशाच सोडल्यास?"

ओजसने माउस हातात घेतला, परत ठेवला.

"मोजल्या नाहीत," तो म्हणाला. "रक्तपेढीचं एक पान होतं. रक्तगट उलटसुलट दाखवत होतं. पण ते मुद्दामचंच असणार... नाही का?"